मदत हवी आहे: जुन्या बैठकींचे इंटरनेट रेडिओवर फ्लॅकमधून प्रक्षेपण

नमस्कार. आमच्या संगीत मंडळाकडे बैठकींच्या कॅसेट आणि स्पूल टेपचा संग्रह आहे. कलावंतांच्या किंवा त्यांच्या वारसांच्या परवानगीने तो इंटरनेट रेडिओवर ऐकवायचे ठरले असून आइसकास्ट (श्रोत्यांपर्यंत प्रवाह पोहोचवणारा सर्व्हर) आणि लिक्विडसोप (प्रक्षेपणाचा प्रवाह तयार करणारी प्रणाली) यांवर चाचणी चालू आहे. १२८ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) एमपी३मध्ये तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा नाद, गढूळ होते, आणि विलंबित ख्यालात, जिथे दोन आलापांमधली जागा तानपुराच भरून काढतो, तिथे ही हानी फार जाणवते. म्हणून मूळ ध्वनीतले काहीही न गाळणारा फ्लॅक प्रवाह द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

अडचण अशी की आइसकास्टवर फ्लॅक ऑग वेष्टनातून (ध्वनी आणि त्याची माहिती एकत्र बांधणाऱ्या साच्यातून) जातो आणि राग व कलाकाराची माहिती बदलली की आधीचा ऑग प्रवाह संपून नवा सुरू होतो. संगणकावरच्या प्लेयरमध्ये हा सांधा कळतही नाही, पण ब्राउझरमध्ये नेमका तिथेच आवाज थांबतो. माहिती पाठवणे बंद केले की प्रक्षेपण अखंड चालते. मात्र कोण गात आहे आणि साथीला कोण आहे, हे श्रोत्याला कळूच नये, हे मला मान्य नाही.

बीबीसी रेडिओ ३ ने २०१७ च्या प्रॉम्स महोत्सवात फ्लॅकचे प्रायोगिक प्रक्षेपण केले, तेव्हा डॅश पद्धतीने ध्वनीचे लहान तुकडे पाठवले होते. त्याच धर्तीवर एचएलएसमधून (अॅपलच्या तशाच तुकड्यांच्या पद्धतीतून), एमपी४ तुकड्यांत फ्लॅक भरून, कोणी सलग प्रक्षेपण चालवले आहे का? माहिती स्वतंत्र फाइलमधून दाखवल्यास, तुकड्यांमुळे ध्वनीला होणाऱ्या उशिराशी तिचा मेळ कसा घालावा?

दुसरा प्रश्न बिटांचा, म्हणजे ध्वनीचा प्रत्येक नमुना किती बारकाईने नोंदवायचा याचा आहे. जतनासाठीच्या प्रती २४ बिटांत आहेत, पण कॅसेटवरील खरखर पाहता प्रक्षेपणाला १६ बिट पुरेसे वाटतात. शिवाय खरखर फ्लॅकला फारशी आकुंचित करता येत नाही, त्यामुळे जादा बिट बहुतांशी तीच वाहून नेतील. सरासरी ८०० केबीपीएस धरले तरी तासाला सुमारे ३६० एमबी डेटा लागतो, म्हणून मोबाइलवरील श्रोत्यांसाठी ३२० केबीपीएस एएसीचा (एमपी३सारखाच काही ध्वनी गाळून आकार कमी करणारा) जोडप्रवाह ठेवणारच आहोत. खरखर काढणारी गाळणी वापरायची नाही, कारण खरखरीबरोबर आसही (स्वराचा रेंगाळणारा नाद) जाते.

आयफोनवरील सफारीत एचएलएसमधून फ्लॅकची ही रचना तपासली असल्यास तुकड्यांची लांबी आणि लिक्विडसोपची आवृत्ती कृपया कळवावी.