एचओए म्हणते पिकअप दिसता कामा नये: घर सोडायचं की ट्रक?

ट्रकवाला_डॅलस (धागाकर्ता):
मंडळी, आम्ही डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को-प्रॉस्पर-सेलिना पट्ट्यात घर बघतोय. शाळा चांगली, बायकोचं ऑफिस जवळ, बजेटही ओढूनताणून बसतंय, सगळं जमत आलं की एचओएचा (वस्तीतल्या घरमालकांच्या संघटनेचा) कागद आडवा येतो. माझ्याकडे फोर्डचा एफ-१५० पिकअप आहे, क्रू कॅब (चार दारी), मागे साडेसहा फुटी बेड (सामानाचा उघडा हौदा). लांबी सव्वावीस फूट. आणि इथल्या बऱ्याच नवीन घरांचं गराज आतून वीस फूट खोल, त्यातही कोपऱ्यात वॉटर हीटर नाहीतर पायरी. म्हणजे ट्रक आत घातला की शटर बंद होत नाही. मग ड्राइव्हवेत लावावा म्हटलं तर काल जे घर जवळपास फायनल केलं होतं त्याच्या सीसीअँडआरमध्ये (वस्तीच्या नोंदवलेल्या नियमांच्या कागदात) लिहिलंय की रात्री सगळ्या गाड्या गराजमध्ये हव्यात आणि ट्रक, बोट, ट्रेलर यातलं काहीही रस्त्यावरून दिसता कामा नये. ट्रक एकदम बोटीच्या रांगेत! अहो, एफ-सिरीज हा १९७७ पासून अमेरिकेत सगळ्यात जास्त विकला जाणारा पिकअप आहे आणि आम्ही टेक्सासमध्ये राहतो, व्हेनिसमध्ये नाही.

माझं मत सरळ आहे. हप्ता मी भरणार, प्रॉपर्टी टॅक्स मी भरणार, ड्राइव्हवे माझा, गाडी माझ्या नावावर, चालू स्थितीतली, रजिस्ट्रेशन असलेली, तर ती कुठली आहे हे ठरवणारे हे कोण? रस्ता अडवला तर दंड करा, तेल सांडलं तर करा, पण नुसता ट्रक आहे म्हणून? असलं घर कितीही आवडलं तरी घेऊ नये असं मला वाटतं. बायको म्हणते ट्रक विक. तुम्ही काय कराल?

स्वप्ना_आर:
तुमच्या बायकोला माझा पाठिंबा कळवा :) सॉरी पण घर तीस वर्षांसाठी असतं आणि ट्रक सात-आठ. शाळेचा झोन सोडून ट्रक कवटाळायचा हे मला झेपत नाही. बेडमध्ये वर्षातून किती वेळा खरंच काही टाकता? प्लायवूड आणि मल्च आणायला होम डेपोत तासावर ट्रक भाड्याने मिळतो. आणि पिकअपच हवा असेल तर होंडा रिजलाइन घ्या, साडेसतरा फूट, गराजमध्ये आरामात मावेल, फोर्डचा मॅव्हरिक तर त्याहून छोटा. आमच्या ओळखीतल्या अर्ध्या लोकांचा ट्रक म्हणजे फक्त उंचावरून ऑफिसला जायची खुर्ची आहे.

ट्रकवाला_डॅलस:
स्वप्नाताई, आमच्याकडे कॅम्पर ट्रेलर आहे, तो वर्षभर स्टोरेजमध्ये असतो आणि सुट्टीत मी ओढतो. मॅव्हरिकला तो झेपणार नाही. आणि शनिवारी माझं सुतारकाम चालतं. पण समजा यातलं काहीच नसतं, नुसतीच हौस असती, तरी प्रश्न तोच राहतो ना? शेजाऱ्याच्या एक्सपीडिशन एसयूव्हीची लांबी साडेसतरा-अठरा फूट आहे, उंची माझ्या ट्रकएवढीच, ती चालते. मागचा भाग उघडा म्हणून माझी गाडी कुरूप आणि त्याची देखणी?

बोर्डवाला_मॅकिनी:
मी आमच्या एचओएच्या बोर्डावर आहे, त्यामुळे आधीच शिव्या द्यायच्या असतील त्यांनी द्या. पैसे मिळत नाहीत, शिव्याच मिळतात.

तुमचा ट्रक धुतलेला-पुसलेला असेल हो, पण नियम एका माणसाच्या ट्रकपुरता लिहिता येत नाही. आमच्याकडे ड्राइव्हवे फुटपाथपासून गराजपर्यंत जेमतेम वीस फूट आहे. एका घरी एफ-२५० आला, जवळजवळ एकवीस फूट, त्याला मागे हिच (ट्रेलर जोडायचा हुक). तो दररोज फुटपाथवर दीड-दोन फूट बाहेर. स्ट्रोलर घेऊन जाणाऱ्या आया रस्त्यावर उतरायच्या. सांगितलं तर म्हणाला माझा ड्राइव्हवे आहे. मग त्याच्या समोरच्याने विचारलं की त्याला चालतं तर माझी डम्प बेडवाली (हौदा उचलून माल ओतणारी) गाडी का नाही. तिथे रेघ ओढणार कोण? तुम्ही? "छान दिसणारे ट्रक चालतील" असं लिहून दाखवा, मी पुढच्या मीटिंगमध्ये मांडतो.

आणि एक मुद्दा कोणी बोलत नाही. हा नियम कोणी रात्रीतून लादलेला नाही. डेव्हलपरने पहिल्या घराच्या आधी काउंटीत नोंदवलेला असतो, जमिनीबरोबर चालतो, तुमच्या आधी ज्यांनी घर घेतलं त्यांनी तो बघून घेतलं. त्यातल्या काहींनी तर तो आहे म्हणूनच घेतलं. त्यांच्याही पैशाला किंमत आहे.

फुटपाथवरचा_भिडू:
फुटपाथ अडवणं हे तर टेक्सासच्या वाहतूक कायद्यातच बंद आहे, त्यासाठी एचओए कशाला? पोलिसाच्या नॉन-इमर्जन्सी नंबरला फोन करा की. तुम्ही अडचणीचं उदाहरण देता आणि बंदी दिसण्यावर घालता. गल्लत तिथे आहे साहेब.

बोर्डवाला_मॅकिनी:
करून बघा फोन. पोलीस तासाभराने येतात, तोवर ट्रक ऑफिसला गेलेला असतो.

केटरिंगवाली_काकू:
मी ह्यूस्टनजवळ केटीला असते, डब्यांचा आणि छोट्या समारंभांचा व्यवसाय आहे. आमच्या ट्रकच्या दारावर नाव आणि फोन नंबर आहे, मागे बेडवर झाकणासारखी कॅप लावलेली. घर शोधत होतो तेव्हा दोन सबडिव्हिजन (बिल्डरने वसवलेल्या वस्त्या) याच कारणासाठी सोडल्या. एका ठिकाणी नियम असा की गाडीवर अक्षरं असतील तर ती कमर्शियल, दिसता कामा नये. एका सेल्सबाईने सुचवलं, रात्री अक्षरांवर कोरं मॅग्नेट लावा. म्हणजे दिवसा कष्ट करा आणि रात्री ते झाका!

स्पष्टच लिहिते, हा दिसण्याचा प्रश्न नाहीये. ट्रक म्हणजे प्लंबर, सुतार, रंगारी, गवत कापणारा. असल्या नियमाने फाटकाबाहेर गाडी राहत नाही, तो माणूस राहतो. आपले लोक आयटीतले, एसयूव्ही आणि टेस्लावाले, म्हणून आपल्याला झळ लागत नाही आणि मग किमती टिकतात वगैरे बोलायला सोपं जातं. तोच नियम "ज्यांच्या स्वयंपाकाचा वास रस्त्यावर येतो" असा असता तर इथे दोनशे प्रतिसाद पडले असते.

आणि हो, गणपतीत मंडळाचं स्टेज, मखर, ढोल, स्पीकर कशातून नेता सगळे? टेस्लातून?

ढोलपथक_७५०:
काकूंना +१. आमच्या पथकाचे ढोल दरवर्षी ज्या दोन ट्रकांतून जातात त्यांचे मालक आम्हाला देवाच्या जागी आहेत.

स्वप्ना_आर:
काकू, मान ठेवून सांगते, वासाचं उदाहरण पटलं नाही. गाडी निवडता येते. आणि किमतीचं बोलणं हसण्यावारी नेऊ नका, बहुतेक मराठी घरांची सगळी बचत त्या एका घरात अडकलेली असते. समोरच्या ड्राइव्हवेत पाइपांनी भरलेला ट्रक असेल तर बघायला आलेलं गिऱ्हाईक गाडीतून न उतरता जातं, हे आमच्या गल्लीत झालंय.

केटरिंगवाली_काकू:
गाडी निवडता येते, धंदा नाही निवडता येत सगळ्यांना.

पुणे_ते_प्लेनो:
अवांतर: कोथरूडच्या सोसायटीत स्टिल्ट पार्किंगवरून झालेली भांडणं बघितली असतील तर हे सगळं सौम्य वाटतं. पण तिथे भांडण जागा कमी म्हणून असतं. इथे जागा आहे, ड्राइव्हवे मोकळा आहे, फक्त बघवत नाही!

फ्लोरिडाकर:
थोडी भर घालतो, आमच्याकडे हा वाद कोर्टात आणि विधानसभेतही जाऊन आलाय. मायामीजवळ कोरल गेबल्स म्हणून श्रीमंत गाव आहे. तिथे एचओए नाही तर खुद्द शहराचाच नियम होता, रात्री पिकअप घराबाहेर दिसला की दंड. २००३ मध्ये एका रहिवाशाच्या साध्या एफ-१५० ला तिकीट मिळालं. घराला गराज नव्हतं, ट्रक बाहेर होता, माणूस कोर्टात गेला. २००७ मध्ये अपील कोर्टाच्या तीन न्यायाधीशांच्या बेंचवर बहुमताने तो जिंकला, मग त्याच कोर्टाच्या पूर्ण बेंचने २०१० मध्ये निकाल फिरवून शहराची बाजू घेतली. म्हणजे कायद्याने शहर बरोबर ठरलं. आणि गंमत म्हणजे २०१२ मध्ये गावातल्या मतदारांनीच बंदी उठवायच्या बाजूने कौल दिला.

एचओएचं म्हणाल तर फ्लोरिडात १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आहे. मालक, भाडेकरू किंवा पाहुणा, कोणाचीही खाजगी गाडी, कायद्यात पिकअपचा शब्दासकट उल्लेख आहे, ड्राइव्हवेत लावायला एचओए मनाई करू शकत नाही. कामाची गाडीसुद्धा चालते, अगदी मोठ्या कमर्शियल ट्रकच्या व्याख्येत बसत नसेल तर. काँडोला (फ्लॅटच्या इमारतींना) मात्र हा लागू नाही, त्यांचा कायदा वेगळा. तेव्हा धागाकर्ते, फ्लोरिडात या. इन्शुरन्सचा हप्ता बघून ट्रकचं दुःख विसराल.

बोर्डवाला_मॅकिनी:
हेच मला खटकतं. लोकांनी आपापसात केलेला करार सरकारने वरून येऊन मोडायचा. कोरल गेबल्सचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे बघा, लोकांना नको झालं तेव्हा लोकांनी मत देऊन काढलं. एचओएतही तेच करा. टेक्सासमध्ये सीसीअँडआर बदलायला ६७ टक्क्यांहून जास्त मतं मागता येत नाहीत, जुन्या कागदात ७५ किंवा ९० लिहिलं असलं तरी. आमच्या सभेला पस्तीस माणसं येतात आणि त्यातली निम्मी पिझ्झासाठी. ट्रकवाले कुठे असतात तेव्हा?

फुटपाथवरचा_भिडू:
जोवर डेव्हलपरच्या हातात कंट्रोल आहे तोवर काय मत देणार? सेलिनात अर्ध्या सबडिव्हिजन अजून बांधून व्हायच्यात. तिथे सभा म्हणजे बिल्डरची दोन माणसं आणि मॅनेजमेंट कंपनीची एक बाई.

बोर्डवाला_मॅकिनी:
हे मान्य, तेवढी वर्षं हात बांधलेले असतात.

नियमवाचक:
मी वकील नाही, पण घरं घेताना-विकताना हे कागद बरेच चाळलेत. तत्त्वाचं भांडण चालू द्या, धागाकर्त्याच्या कामाचं थोडं लिहितो.

टेक्सासमध्ये पिकअपला फ्लोरिडासारखं संरक्षण नाही, म्हणजे सगळं त्या कागदातल्या शब्दांवर. आणि शब्द फार वेगवेगळे असतात. "कमर्शियल व्हेइकल" लिहिलं असेल आणि तुमचा ट्रक बिनअक्षरांचा खाजगी असेल तर बहुधा सुटाल. "पाऊण टनाच्या वरचे ट्रक" असेल तर एफ-१५० हाफ-टन वर्गात मोडतो, पण हे टनांचं नाव जुनं आहे, आजचा एफ-१५० अर्ध्या टनापेक्षा बराच जास्त भार घेतो, तेव्हा वर्गाच्या नावावर मोजायचं की खऱ्या क्षमतेवर हे बोर्डाकडून लेखी घ्या. नुसतं "ट्रक" असेल तर तुमची पंचाईत आहे, तुमच्या घरात तेच आहे.

"अहो सगळेच लावतात, कोणी काही बोलत नाही" हे रिअल्टर किंवा सेल्सवाल्याचं तोंडी वाक्य ऐकून घर घेऊ नका. जवळपास प्रत्येक सीसीअँडआरमध्ये असं कलम असतं की आजवर नियम वापरला नाही म्हणून हक्क गेला असं नाही. बोर्ड बदलतं, मॅनेजमेंट कंपनी बदलते आणि एका सोमवारी पत्र येतं. नुसत्या दंडासाठी एचओएला टेक्सासमध्ये घर जप्त करता येत नाही, दंडाआधी नोटीस आणि बाजू मांडायची संधीही द्यावी लागते, पण दंड साचला की पुढे घर विकताना तो हिशोब समोर येतोच.

कागद ऑफरच्या आधी मागा. एचओएचं मॅनेजमेंट सर्टिफिकेट (तिची माहिती देणारा कागद) राज्याच्या रिअल इस्टेट कमिशनच्या साइटवर सापडतं, सीसीअँडआर काउंटी क्लर्ककडे. नाहीच मिळाले तर ऑप्शन पिरियड घ्या, थोडी फी जाते पण त्या मुदतीत कारण न देता बाहेर पडता येतं. आणि सीसीअँडआर वाचून थांबू नका, बोर्डाने नंतर केलेले पार्किंगचे वेगळे नियम असतात, खरी गोम बऱ्याचदा त्यातच.

चिमटा_काका:
एक विचारायचं राहिलं. टेस्लाच्या सायबरट्रकचं काय? त्यालाही बेड आहे, साडेअठरा फूट लांब आहे, आणि माझ्या मते दिसायला कुठल्याही डम्प ट्रकपेक्षा भयंकर. पण आमच्या सबडिव्हिजनमध्ये एकाने आणला तर बोर्डवाल्यांनी त्याच्याबरोबर फोटो काढले. काकू वर म्हणतायत तेच.

बोर्डवाला_मॅकिनी:
आमच्याकडे सायबरट्रकला पण पत्र गेलंय. फोटो काढून मग :)

ट्रकवाला_डॅलस (धागाकर्ता):
सगळ्यांचे आभार. नियमवाचक, तुम्ही लिहिलेलं बायकोला वाचून दाखवलं, ते घर सोडायचं ठरलंय. ऑप्शन पिरियड चालू होता म्हणून फीवरच भागलं. बोर्डवाले दादा, फुटपाथचा मुद्दा मला मान्य आहे, बाकी नाही, आणि ६७ टक्के गोळा करायला आधी घर तर घ्यावं लागेल ना, ज्यात मला ट्रक लावता येत नाही!

आता प्लेनोत ऐंशीच्या दशकातली घरं बघतोय, तिथे बऱ्याच ठिकाणी एचओए नाही किंवा ऐच्छिक आहे. शाळाही बायकोला चालतायत. घर जुनं, फाउंडेशनचा रिपोर्ट काढावा लागेल ते वेगळं. पण गराज घरामागच्या गल्लीत, म्हणजे अ‍ॅलीत उघडतं. कोणाला अनुभव आहे का?

पुणे_ते_प्लेनो:
आम्ही अशाच घरात आहोत. एचओए नाही, ट्रक कसाही लावा, कोणी विचारत नाही. पण मागचा ड्राइव्हवे टेपने मोजा, काही घरांचा फार आखूड आहे, आणि ट्रक अ‍ॅलीत बाहेर आला तर सिटीचा माणूस येतो, कचऱ्याची गाडी तिथूनच जाते. शिवाय अ‍ॅली अरुंद, समोर शेजाऱ्याचं कुंपण, तुमचा वीस फुटी ट्रक एका वळणात आत जातोय का ते घर बघायला जाताना तोच नेऊन बघा. गराजच्या दाराची रुंदीही मोजा, जुन्या घरांत कधी कधी दोन वेगळी आठ फुटी दारं असतात, आणि आरसे उघडे असले तर एफ-१५० चीच रुंदी आठ फूट आहे.

स्वप्ना_आर:
रिजलाइन. फक्त सुचवतेय.