मदत हवी आहे: चार श्रीमंत मुलं, एक साधी मुलगी आणि लाल चिठ्ठी. ही मालिका नक्की कुठली?

रानजाई:
तातडीने मदत हवी आहे. कॉलेजात असताना हॉस्टेलवर एक मालिका बघितली होती. श्रीमंतांची शाळा, त्यात चार मुलांची टोळी, सगळी शाळा त्यांना टरकून असते. साध्या घरातल्या एका मुलीला ते छळतात आणि त्यांचा म्होरक्या शेवटी तिच्याच प्रेमात पडतो. लॉकरमध्ये लाल चिठ्ठी येते तो सीन डोक्यात पक्का बसलाय. नाव आठवत नाही. शोधायला गेले तर याच गोष्टीच्या ढीगभर मालिका समोर येतात. एकीचा पहिला भाग लावून बघितला, ती नाहीये. रविवारच्या आत हवी आहे. "सगळ्याच बघा, सगळ्याच छान आहेत" असं कृपया सांगू नका, तेवढा वेळ नाही.

मोरपिशी:
बॉइज ओव्हर फ्लॉवर्स! कोरियन, २००९. ली मिन-हो. डोळे झाकून सांगते, हीच.

रानजाई:
तीच तर लावली होती. ती नाही.

मोरपिशी:
एका भागावरून कसं ठरवलंत? २५ भाग आहेत. पुढे न्यू कॅलेडोनियाला जातात, तो तिला हेलिकॉप्टरमधून बदामाच्या आकाराचं जंगल दाखवतो. तिथपर्यंत बघा, सगळं आठवेल. माझी अख्खी कोरियन वारी त्या एका मालिकेपासून सुरू झाली.

दर्यावर्दी:
रानजाई, साल कुठलं? भाषा कुठली कानावर पडत होती? टीव्हीवर बघितली की कुणाच्या लॅपटॉपवर? हे सांगितल्याशिवाय कुणालाच नीट उत्तर देता येणार नाही, कारण ही गोष्ट निदान पाच देशांनी केली आहे. मूळ जपानी मांगा, म्हणजे चित्रकथा, योको कामियो यांची, १९९२ पासून मार्गारेट मासिकात यायची. त्यावर तैवानची मिटिऑर गार्डन २००१ मध्ये आली, जपानची हाना योरी दांगो २००५ मध्ये, कोरियाची २००९ मध्ये, चीनची नवी मिटिऑर गार्डन २०१८ मध्ये आणि थायलंडची एफफोर थायलंड २०२१ च्या शेवटी. यातली कुठली ते "चार मुलं, एक मुलगी" एवढ्यावरून देवालाही सांगता येणार नाही.

चिंचगुळ:
एमटीव्हीवर २०१४ मध्ये कैसी ये यारियां लागायची, ती तर नव्हे? त्यातही श्रीमंत हिरो आणि कॉलेज होतं.

रानजाई:
हिंदी नाही हो! परदेशी होती, खाली इंग्रजी अक्षरं. रूममेटच्या लॅपटॉपवर बघायचो. भाषा मला त्या वेळी ओळखू येत नव्हती. रूममेट इंफाळची होती.

मोरपिशी:
मग तर प्रश्नच मिटला. मणिपूरमध्ये २००० साली तिथल्या एका बंडखोर संघटनेने हिंदी सिनेमे आणि हिंदी चॅनेलवर बंदी घातली. त्यानंतर केबलवर कोरियाचं आरिरांग चॅनेल घरोघरी गेलं, बाजारात कोरियन सीडी मिळायला लागल्या. आपल्याकडे कुणाला के-ड्रामा हा शब्द माहीत नव्हता तेव्हा तिकडची मुलं केसांची कापणीसुद्धा कोरियन करायची. इंफाळची मुलगी म्हणजे कोरियनच. मी म्हटलं ना?

दर्यावर्दी:
शक्यता आहे, पण पुरावा नाही. इंफाळची मुलगी जपानी मालिका बघू शकत नाही का? साल सांगा.

कण्हेर:
रूममेटलाच विचारा की सरळ.

रानजाई:
तिलाच दाखवायची आहे! रविवारी ती बंगळूरुहून येतेय, खूप वर्षांनी भेटतोय. रात्री लाइट घालवून एकाच चादरीत बसून ही बघायचो, वॉर्डनच्या चपलांचा आवाज आला की लॅपटॉप मिटायचा. तिला काही न सांगता तीच मालिका लावून ठेवायची आहे. तिलाच विचारलं तर मजा काय राहिली?
आठवतं तेवढं सांगते. हिरो तिला विसरतो, म्हणजे त्याची स्मृती जाते. ती त्याला शोधत परदेशात जाते. आणि एक गळ्यातलं असतं.

वाळवंटी_निवडुंग:
सबटायटल मागेपुढे होत असतील तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये जी आणि एच ही बटणं वापरा. एकेका दाबाला ५० मिलिसेकंदांनी अक्षरं सरकतात. सुरुवातीला बरोबर आणि शेवटाकडे घसरत जात असतील तर मात्र बटणांचा उपयोग नाही. फाइल सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओसाठी बनवलेली आणि तुमचा व्हिडिओ २३.९७६ चा, असा तो घोळ असतो. त्याला फाइलचा फ्रेमरेटच बदलावा लागतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं म्हणून इथे लिहून ठेवतोय.

कण्हेर:
त्यांनी सबटायटलबद्दल काही विचारलंय का?

वाळवंटी_निवडुंग:
मालिका सापडली की विचारतीलच.

सोनटक्का:
स्मृती जाणं ही खूण धरू नका. तैवानी, जपानी, कोरियन तिन्हींत हिरो तिला विसरतो. हिरोचे कुरळे केस दिसले तरी त्यावर जाऊ नका, ते मूळ मांगाच्या चित्रांतच आहेत. परदेश मात्र कामाचा. तैवानीमध्ये बार्सिलोना, कोरियनमध्ये मकाव, जपानीमध्ये न्यूयॉर्क. शहर कसं होतं?
मी स्वतः तैवानीवाली. नवऱ्याच्या नोकरीपायी २००३ मध्ये मनिलात होतो, तिथे ती तिथल्या टागालोग भाषेत डब करून दाखवत होते. संध्याकाळी दुकानदारही गिऱ्हाइकाला थांबवून टीव्हीकडे बघायचे. त्यातली नायिका शान्साय म्हणजे बार्बी शू फेब्रुवारी २०२५ मध्ये गेली, जपानला फिरायला गेली असताना फ्लू होऊन न्यूमोनिया झाला. फार वाईट वाटलं. पुढच्या सगळ्या नायिका मी तिच्याशीच ताडून बघत आले.

पाणपोई:
या गोष्टीचं एवढं कौतुक का करता हे मला कळत नाही. लाल चिठ्ठी आली की अख्खी शाळा मिळून एका मुलाला मारते. कोरियनमध्ये तर पहिल्याच भागात एक मुलगा गच्चीवरून उडी मारायला निघतो. आणि त्या टोळीचा म्होरक्या आपला हिरो! माझी मुलगी नववीत आहे, तिने हे प्रेम म्हणून बघावं असं मला वाटत नाही. थाई मालिका त्यातल्या त्यात बरी, तिथे छळाला छळच म्हटलंय आणि ज्यांनी तो सोसला त्यांनाही बोलू दिलंय. १६ भागांत आटोपते.

मोरपिशी:
पाणपोई, तो बदलतो हीच तर गोष्ट आहे.

पाणपोई:
तो बदलेपर्यंत ज्यांनी मार खाल्ला त्यांचं काय? त्यांची नावं तरी आठवतात का कुणाला?

सोनटक्का:
हा मुद्दा मला पटतो. २०१८ च्या चिनी मालिकेत छळ बराच सौम्य केलाय, लाल चिठ्ठीच्या जागी पत्त्यांतला जोकर येतो. पण मग हिरोचा राग आणि तिचा हट्ट दोन्ही फिके पडले. ४९ भाग बघूनही ठिणगी अशी पडत नाही.

आजोळ:
चिनीच बघायची तर निर्वाणा इन फायर बघा. २०१५, ५४ भाग. विषाने खंगलेला माणूस नाव बदलून राजधानीत येतो आणि एकही तलवार न उचलता अख्खा दरबार उलटापालटा करतो. शाळकरी प्रेमकथांवर वेळ घालवू नका.

कण्हेर:
रविवारपर्यंत ५४ भाग?

झाडीपट्टी:
खरं नाटक बघायचं तर पाकिस्तानी. हमसफर २३ भागांत संपली, आपल्याकडे दहा वर्षं ओढली असती. भाषा कळते, घरं आपल्यासारखी, सासू आपल्यासारखी. त्याच्याही आधी लेखिका हसीना मोईन यांच्या तनहाइयां आणि धूप किनारेच्या व्हिडिओ कॅसेट हातोहात फिरायच्या. २०१४ मध्ये झिंदगी चॅनेल आलं तेव्हा आमच्याकडे जेवणाची वेळ बदलली होती, २०१६ मध्ये उरीनंतर सगळं बंद झालं. आशियाई मालिका म्हटलं की सगळे कोरियाकडे पळतात, शेजार कुणाला दिसत नाही. तुर्की मालिकाही अशाच घरगुती असतात.

आजोळ:
तुर्कस्तान आशियात कुठे?

झाडीपट्टी:
मग कुठे? इस्तंबूलचा एक भाग सोडला तर जवळजवळ सगळा देश आशियातच आहे. नकाशा बघा.

दर्यावर्दी:
नकाशाचा वेगळा धागा काढा, ही विनंती. रानजाई, तीन गोष्टी सांगा. मुलांच्या अंगावर युनिफॉर्म होते का? हॉस्टेल कधी सोडलंत? गळ्यातलं दिसायला कसं होतं?

रानजाई:
युनिफॉर्म होते, मुलीला तरी नक्की. हॉस्टेल आम्ही २००८ च्या मे महिन्यात सोडलं. गळ्यातलं म्हणजे एक गोल आणि त्याच्याभोवती कडं.
शहर मोठं होतं, उंच इमारती, ती थंडीत एकटी फिरत असते आणि लोक इंग्रजी बोलतात. अजून एक आठवलं. ती शाळा सुटल्यावर एका दुकानात काम करते. तिथे काडीला टोचलेले गोळे विकतात. रूममेट म्हणाली होती तांदळाच्या पिठीचे असतात, तेव्हा मी तिला विचारलं होतं, उकडीच्या मोदकांसारखे का, आत सारण असतं का? ती म्हणाली, सारण नाही, वरून सॉस. आम्हाला दोघींनाही त्या वेळी सडकून भूक लागली होती म्हणून हे एवढं लक्षात राहिलं.

दर्यावर्दी:
सापडली. जपानी, हाना योरी दांगो.
युनिफॉर्म म्हणजे शाळा, म्हणून तैवानी आणि २०१८ ची चिनी बाद, त्या दोन्ही कॉलेजात घडतात. कोरियन सुरू झाली जानेवारी २००९ मध्ये, तुम्ही त्याच्या आधीच हॉस्टेल सोडलंत, म्हणजे ती बाद. थाई तर फारच पुढची. राहिली जपानी. काडीवरचे गोळे म्हणजे दांगो, जपानी मालिकेतली नायिका माकिनो दांगोच्याच दुकानात काम करते. कोरियन नायिका मऊ भाताच्या पेजेच्या दुकानात असते. गळ्यातलं कडं घातलेला गोल म्हणजे शनी, हिरो दोम्योजी तिला शनीच्या आकाराचं पदक देतो. कोरियनमध्ये तिथे चंद्र आणि तारा आहे.
न्यूयॉर्क दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला येतं. पहिला सीझन २००५, ९ भाग. दुसरा २००७, ११ भाग. २००८ मध्ये सिनेमाही आला.

मोरपिशी:
इंफाळची मुलगी जपानी मालिका कुठून आणणार, एवढंच मला कळत नाही.

रानजाई:
अगं, ती रानडे इन्स्टिट्यूटला जपानी शिकायची ना! तिच्या वर्गातली मुलं एकमेकांना पेनड्राइव्हवर मालिका द्यायची, ऐकून ऐकून भाषा बसते म्हणून.

मोरपिशी:
हे आधी सांगितलं असतंत तर पहिल्या प्रतिसादात उत्तर मिळालं असतं!

रानजाई:
मला काय माहीत ते महत्त्वाचं आहे? आत्ता एक क्लिप बघितली. तीच, तीच, तीच! तो हात झटकून ओरडतो, ती त्याला ठोसा मारते. घशात आवंढा आला. दर्यावर्दी, तुमचे कसे आभार मानू!

दर्यावर्दी:
आभार राहू द्या. एक सांगतो, रविवारी एकदम न्यूयॉर्कवर उडी मारू नका. पहिल्या सीझनचे नऊच भाग आहेत. जपानी मालिका तिथल्या हंगामात बसवलेल्या असतात, तीन महिन्यांत दहा-अकरा भाग आणि संपली. पाणी घालायला जागाच नसते. सकाळी लवकर बसलात तर रात्रीपर्यंत पहिला सीझन आरामात होतो.

सोनटक्का:
माझं उलट मत. त्यांना जे आठवतं ते सगळं न्यूयॉर्कच्या आसपासचं दिसतंय. रूममेटला दार उघडल्या उघडल्या तेच दिसायला हवं. बाकीचं मग दोघी मिळून मागे जाऊन बघतील.

वाळवंटी_निवडुंग:
सबटायटल आधी तपासून घ्या. मधला एखादा मिनिटही लावून बघा, फक्त सुरुवात नको.

रानजाई:
निवडुंग, खरंच गरज पडली! मिळालेली फाइल दोन सेकंद मागे आहे. एच दाबू की जी?

वाळवंटी_निवडुंग:
अक्षरं उशिरा येत असतील तर जी. दोन सेकंद म्हणजे चाळीस वेळा. किंवा ट्रॅक सिंक्रोनायझेशनमध्ये जाऊन आकडा थेट टाका, उणे दोन.

पिंपळपार:
उशिरा लिहितोय. जपानी मालिकांचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही. आमच्या पिढीची जपानी मालिका म्हणजे दूरदर्शनवरची ओशिन. जपानच्या एनएचके वाहिनीने १९८३-८४ मध्ये केली, पंधरा-पंधरा मिनिटांचे २९७ भाग. तांदळाच्या पोत्यापायी सात वर्षांची पोर दुसऱ्याच्या घरी कामाला धाडतात. बर्फात नदीवर तराफा निघतो, काठावरून बाप बघत राहतो आणि ती "बाबा, बाबा" करत असते. आमची आई स्वयंपाकघरातून हात पुसत यायची आणि त्या प्रसंगाला मटकन खाली बसायची. तिचंही लहानपण दुसऱ्यांच्या घरी भांडी घासण्यात गेलं होतं, हे आम्हाला तिने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. हिंदीतली ओशिन कुणाकडे आहे का? आई आता ८६ वर्षांची आहे, अक्षरं वाचवत नाहीत. कुणाला माहीत असेल तर कृपया इथेच सांगा.

कण्हेर:
काका, याचा वेगळा धागा काढा, इथे खाली दबून जाईल. मी माझ्या मावशीला विचारते, तिच्याकडे दूरदर्शनवरून टेप केलेल्या कॅसेट होत्या. काय काय आहे ते बघून सांगते.