मदत हवी आहे: कादिझ एका दिवसात, सोबत सासूसासरे

नमस्कार मंडळी,
ऑक्टोबरात सासूसासऱ्यांना घेऊन स्पेनला चाललोय. मुक्काम सेव्हियात, तिथनं एक बुधवार ट्रेनने कादिझ आणि रात्री परत. ट्रेनला पावणेदोन तास लागतात आणि स्टेशन जुन्या गावाला खेटूनच आहे, तेवढं कळलंय. पण सासरे इतिहासाचे रिटायर्ड शिक्षक, गुडघे गेलेत आणि उत्साह दांडगा, त्यात फिनिशियन (प्राचीन दर्यावर्दी व्यापारी) लोकांनी वसवलेलं शहर म्हटल्यावर त्यांना सगळंच हवंय, कथीड्रल, रोमन थिएटर, म्युझियम, तोर्रे ताविरा हा मनोरा आणि वर समुद्रावरचा सूर्यास्त. सासूबाई शाकाहारी, अंडं चालतं. दुपारी निम्मं गाव बंद असतं म्हणे, मग तेव्हा यांना घेऊन बसू कुठे? आणि ताविरा नि कथीड्रलचा, या दोन मनोऱ्यांपैकी गुडघ्यांना कुठला झेपेल? जाणकारांनी प्लीज सांगा.

खारा_वारा:
ताविरा गाळा. वरचा कॅमेरा ऑब्स्क्युरा भारी आहे, अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या पडद्यावर अख्खं गाव हलताना दिसतं, गच्च्यांवर वाळणारे कपडेसुद्धा, पण लिफ्ट नाही, जिनाच. त्यापेक्षा कथीड्रलचा पोनिएंते मनोरा बरा, आत पायऱ्यांऐवजी बहुतेक उतारच आहे, दमलं की थांबायचं. कथीड्रलचं काम 1722 ते 1838 चाललं, खाली एक दगड वर दुसरा, बाहेरनंच कळतं. आत छताला जाळी दिसेल, खाऱ्या हवेने दगडाचे पोपडे पडतात म्हणून लावलीय.

मधलीसुट्टी:
दुपारी म्युझियम! प्लाझा दे मिनाला आहे, सोमवारी बंद, बुधवारी दुपारीही उघडं असतं. तिथल्या दोन फिनिशियन शवपेट्या सरांना दाखवाच. पुरुषाची 1887 मध्ये सापडली, मग पुढे म्युझियमचे संचालक झालेले पेलायो किंतेरो जन्मभर तिची जोडीदारीण शोधत राहिले, आणि ती 1980 मध्ये निघाली कुठे तर ते राहायचे त्या घराच्या जागेत! रोमन थिएटरही 1980 मध्येच सापडलं, कथीड्रलपासून जवळ आहे. सासूबाईंना म्युझियमसमोरच्या चौकात झाडाखाली बाक आहेत.

खारा_वारा:
आणि जेवणाचं. तोर्तियीता दे कामारोनेस नावावरून ऑम्लेट वाटतं, सासूबाईंसाठी चुकूनही मागवू नका, ते जवळ्याचं कुरकुरीत धिरडं असतं, अख्खा जवळा मिशांसकट दिसतो. (मी मात्र त्यासाठीच परत जाईन.) त्यांच्यासाठी बटाट्याचं साधं तोर्तिया किंवा पालक-चणे बघा. साल्मोरेखोवर (टोमॅटोचं थंड, दाट सूप) अंडं आणि हामोन (डुकराचं मांस) घालतात, 'सिन हामोन' आधीच सांगायचं.

धागाकर्ती:
दोघांनाही खूप खूप धन्यवाद!! म्हणजे सकाळी कथीड्रल आणि थिएटर, जेवण, म्युझियम, संध्याकाळी ला कालेता चौपाटी. ताविराला मी आणि नवरा आळीपाळीने पळत जाऊन येऊ, सासऱ्यांना अजून सांगितलं नाहीये. 1812 ची राज्यघटना जिथे केली ते सान फेलिपे नेरी चर्च म्युझियमपासून चालत होईल का? त्यावरून सासरे मागे लागणार. आणि कालेताहून समुद्रात सान सेबास्तियान किल्ल्याकडे जो बांध जातो तो सपाट आहे ना, वारं असलं तर सत्तरीच्या माणसांना न्यावं का?

मधलीसुट्टी:
नेरी चालत होईल, फार लांब नाही. बांध सपाट आहे, पण लेव्हांते (पूर्वेचं जोरदार वारं) सुटलं असेल तर नकोच, टोपी काय, माणूस उडतो. तसं झालं तर सान्ता कातालिना किल्ल्यात जा, कालेताच्या दुसऱ्या टोकाला आहे, तिकीट नाही आणि सूर्यास्त तोच दिसतो. परतीची शेवटची ट्रेन मात्र आदल्या दिवशीच बघून ठेवा.