‘कायद्याला पुरून उरलो’: एका पंक ओळीचा अर्थ

प्रश्न (फोंडा): कॉलेजच्या बँडसाठी आम्ही ‘आय फॉट द लॉ’ मराठीत करतोय, ‘डेड केनेडीज’ या अमेरिकन पंक (बंडखोर, धडाकेबाज रॉक) बँडने शब्द बदलून गायलेलं. ध्रुपद ‘न्यायाशी लढलो नि जिंकलो’ असं धरलंय. चालेल का? गाणारा नायक की खलनायक, यावरून आमच्यातच वाद आहे.

उत्तर (म्हापसा): ‘न्याय’ आधी काढा, ‘लॉ’ म्हणजे इथे कायदा. मूळ गाणं सॉनी कर्टिस यांचं, १९५८ सालचं. १९७९मध्ये ‘द क्लॅश’ या ब्रिटिश बँडने ते पंकमध्ये आणलं. त्यातला माणूस बंदूक दाखवून लुटणारा, शेवटी उन्हात खडी फोडणारा. ‘लढलो’ म्हटलं की त्याला उगाच हौतात्म्य चिकटतं. ‘कायद्याला नडलो, कायदाच जिंकला’ असं केलं तर मग्रुरीही येते, हारही.

‘डेड केनेडीज’च्या गाण्यात मात्र बोलणाराच वेगळा आहे. २७ नोव्हेंबर १९७८ला सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमध्ये डॅन व्हाइटने महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि उघडपणे समलिंगी असलेले लोकप्रतिनिधी हार्वी मिल्क यांना गोळ्या घातल्या. व्हाइट माजी पोलीस. मिल्क ज्यात होते त्याच शहराच्या प्रतिनिधी मंडळातून नुकताच राजीनामा दिलेला आणि ती जागा परत मागणारा. बचाव नैराश्याचा झाला. ज्युरीने खून न मानता सदोष मनुष्यवध मानला. शिक्षा ७ वर्षं ८ महिने! २१ मे १९७९ला, निकालाच्या रात्री, शहर पेटलं.

गाणं त्या मारेकऱ्याच्या तोंडचं आहे. तो कायद्याला नडलेलाच नाही, कायदा त्याच्या घरचा. शेवटी तर तो ‘कायदा म्हणजे मीच’ असंच म्हणतो. म्हणून ‘जिंकलो’ नको, ‘पुरून उरलो’ घ्या. दोन माणसं पुरल्यानंतरचा तो शब्द अंगावर येतो.

प्रश्न: पण लोकांना वाटेल, आम्ही खुन्याच्या बाजूचे. एखादं कडवं आमच्या बाजूने घालू?

उत्तर: नका घालू, बाळांनो. तियात्रातल्या (आपल्या कोंकणी नाटकातल्या) कांतारात, म्हणजे गाण्यात, पुढाऱ्याला झोडपणारा गायक कुणाच्या बाजूचा, हे आपल्याला लगेच कळतं. इथे ती सोय मुद्दाम काढून घेतलीय. चाल नाचायला लावणारी, आपण ठेका धरतो आणि मग कळतं की कुणाबरोबर गातोय. ही अडचण सोडवलीत तर गाणंच उरणार नाही. हवं तर ‘सदोष मनुष्यवध’ हे शब्द त्याच्याच तोंडी द्या, कोर्टात आले तसे. ‘खून’ मात्र गाण्यात कुठेच आणू नका. तो शब्द ऐकणाऱ्यांना उच्चारू द्या.