शब्दचर्चा: 'वॉरलॉर्ड'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

मूळ प्रश्न

आम्ही तिघं मित्र हार्ट्स ऑफ आयर्न ४ या दुसऱ्या महायुद्धावरच्या कॉम्प्युटर गेममधे चीन खेळतोय, एकाकडे नानकिंगचं राष्ट्रवादी सरकार, एकाकडे कम्युनिस्ट, माझ्याकडे ग्वांग्शी, आणि या डावाची बखर मी मराठीत लिहायला घेतलीय. पहिल्याच पानावर अडलो. १ जानेवारी १९३६ ला नकाशा उघडला की चीनचे सात रंग दिसतात: आम्हा तिघांचे तीन, शिवाय युन्नान, शान्शी, सिंक्यांग आणि वायव्येकडचे 'तीन मा', म्हणजे मा आडनावाचे सेनापती. मांचुकुओ वगैरे जपानची बाहुली राज्यं वेगळीच. नानकिंग आणि कम्युनिस्ट सोडून बाकीच्यांना गेम सरसकट वॉरलॉर्ड म्हणतो. मी आधी 'युद्धखोर' लिहिलं, पण तो स्वभाव झाला, पद नाही. मग 'सरंजामदार' लिहिलं तर मित्र म्हणाला हे एकदम पेशवाईतलं वाटतंय. 'पुंड' लिहावं तर ज्या माणसाच्या हाताखाली अख्खा प्रांत, कारखाने, रेल्वे आहे त्याला पुंड कसं म्हणायचं? कुणाला काही सुचतंय का?

प्रतिसाद

सरंजामदार नकोच. सरंजाम वरून मिळतो, फौज बाळगायची म्हणून मुलूख लावून दिलेला असतो, आणि १९१६ नंतरच्या चीनमधे देणारा वर कुणी उरलाच नव्हता. राष्ट्राध्यक्ष युआन शिकाय जून १९१६ मधे गेला आणि प्रांतोप्रांतीचे सेनापती आपापल्या जागी घट्ट बसले. चिनी शब्द 'जुनफा', यातलं जुन म्हणजे सैन्य आणि फा म्हणजे बडं घराणं किंवा गट. हा शब्द जपानीतून आला, तिथे तो 'गुनबात्सु', म्हणजे 'झायबात्सु' (बडी उद्योगघराणी) मधलाच बात्सु. महत्त्वाचं म्हणजे हा शिवीवजा शब्द आहे, स्वतःला जुनफा कुणीच म्हणवून घ्यायचं नाही. अधिकृत पदाचं नाव होतं 'दुजुन', प्रांताचा लष्करी गव्हर्नर. त्याला आपल्याकडे सरळ शब्द आहे, सुभेदार. माझं मत विचाराल तर बखरीत पद म्हणून 'लष्करी सुभेदार' लिहा आणि शत्रूच्या तोंडी 'पुंड' घाला, दोन्ही शब्द लागतील.

प्रतिसाद

सुभेदार म्हटलं की आमच्या इंदूरकडच्या माणसाला मल्हारराव होळकर आठवतात आणि माझ्या मुलाला फौजेतली रँक आठवते, त्यामुळे आधी मी नाक मुरडणार होते. पण विचार केल्यावर पटलं, कारण आपल्याकडे स्वतंत्र झालेल्या सुभेदाराचं ठळक उदाहरण आहेच. निजामुल्मुल्क १७२४ पासून दख्खनमधे स्वतःच्या मर्जीने राज्य करत होता तरी नाव दिल्लीच्या बादशहाचंच घेत होता. शान्शीचा यान शीशान अगदी तसाच, १९११ पासून मधले थोडे महिने आणि जपानी ताब्याची वर्षं सोडली तर १९४९ पर्यंत प्रांत त्याच्या मुठीत, बीजिंगात किंवा नानकिंगात जो कुणी बसेल त्याला वरवर मान द्यायचा आणि तिजोरीची किल्ली स्वतःकडे ठेवायची.

आणि तिजोरीवरून सांगते, 'लीजिन' शब्द कुठे आला तर त्याला बेधडक 'जकात' लिहा. १८५३ मधे छिंग राजवटीविरुद्धच्या ताइपिंग बंडाशी लढायला पैसा हवा म्हणून वाटेत नाके बसवून मालावर ही वसुली सुरू झाली, बंड १८६४ ला मोडलं पण नाके उठले ते थेट १९३१ मधे. ज्याचा नाका त्याचा पैसा, आणि ज्याचा पैसा त्याची पलटण. गेममधे हे कुठेच दिसत नाही याचं मला फार वाईट वाटतं, कारण चीन फुटला तो नाक्यानाक्यावर फुटला.

प्रतिसाद

ताईंच्या मुद्द्याला धरून थोडं मोठं लिहितो, कारण मला वाटतं खरा घोळ वॉरलॉर्डपेक्षा 'आधुनिकीकरण' या शब्दात आहे.

गेममधे आधुनिक होणं ही एक पट्टी असते आणि फुटणं ही दुसरी, पहिली भरली की दुसरी रिकामी होणार असं गृहीतच धरलेलं असतं. व्हिक्टोरिया २ या एकोणिसाव्या शतकावरच्या गेममधे तर चीन 'अनसिव्हिलाइज्ड' म्हणून सुरू होतो, एकेक सुधारणा करत पट्टी १०० टक्क्यांवर नेली की बटण दाबून 'वेस्टर्नाइज' व्हायचं आणि त्या दिवसापासून देश सुसंस्कृत. हार्ट्स ऑफ आयर्नमधे नानकिंगच्या गळ्यात सुरुवातीपासून भ्रष्ट सैन्य, कुचकामी नोकरशाही अशी लोढणी असतात आणि फोकस, म्हणजे राष्ट्रीय धोरणं, घेत घेत ती उतरवायची. खेळ म्हणून हे ठीक आहे, मी स्वतः शेकडो तास घातलेत, पण चीनमधे घडलं ते उलटं. सैन्य आधुनिक करण्यातूनच सुभेदार तयार झाले! ताइपिंगविरुद्ध दरबाराची फौज कुचकामी ठरली म्हणून झेंग ग्वोफान या दरबारी अधिकाऱ्याने हुनानमधे आपल्या ओळखीपाळखीतून शियांग सेना उभी केली, ली होंगझांगने हुआई सेना, त्याच लीच्या पुढाकाराने १८६५ मधे शांघायला जियांगनानचा शस्त्रकारखाना आला. शिपायाचा पगार ज्याच्या हातून यायचा त्याच्याशी त्याचं इमान. पुढे जपानकडून १८९५ मधे झालेल्या पराभवानंतर युआन शिकायने बेइयांग सेना कवायती केली आणि तो गेल्यावर त्याच सेनेतून अनहुई आणि झिली हे गट निघाले. म्हणजे जी फौज आधुनिकीकरणाचं सगळ्यात मोठं यश होती तिच्यातूनच हे तुकडे पडले.

आणि सुभेदार मागासलेले होते हेही खोटं. मांचुरियाचा सुभेदार झांग झुओलिन याचा मुकदेनचा शस्त्रकारखाना देशातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी होता, १९२३ ला त्याच्याच राजवटीत विद्यापीठ निघालं. यान शीशानने मुलींचे पाय बांधण्याविरुद्ध मोहीम चालवली, रेल्वे टाकली, पण ती मीटर गेज! शेजारच्या प्रांतात स्टँडर्ड गेज. स्वस्त पडतं म्हणून, आणि दुसऱ्याची लष्करी गाडी थेट आत शिरू नये म्हणून, असंही सांगतात. मनमाडला नाहीतर मिरजेला गेज बदलताना माल उतरवलेला-चढवलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल. आता ही रेल्वे कुठल्या पट्टीत मोजायची, आधुनिक होण्याच्या की फुटण्याच्या?

म्हणून 'पाश्चात्त्यीकरण' टाळा. १८६० नंतरच्या त्या चळवळीचं चिनी नाव 'झीछियांग', स्वतःला बळकट करणं. बखरीत 'बळ वाढवणे' लिहिलंत तरी अर्थ पोचतो.

प्रतिसाद

'अनसिव्हिलाइज्ड'चा विषय निघालाच आहे तर, हे भांडण त्या काळातलंच आहे. छिंग दरबार परक्यांसाठी 'यी' हे अक्षर वापरायचा, इंग्रजांनी त्याचं भाषांतर 'रानटी' असं केलं आणि १८५८ च्या त्येनत्सिन करारात ५१ वं कलमच टाकलं की ब्रिटिशांसाठी सरकारी कागदात हे अक्षर वापरायचं नाही. एका शब्दासाठी तहात कलम! त्यामुळे गेमचा शब्द मराठीत 'असंस्कृत' करून पुढे ढकलू नका ही विनंती. व्हिक्टोरिया ३ मधे 'अनरेकग्नाइज्ड' केलंय ते पुष्कळ बरं, 'मान्यता नसलेलं राज्य', म्हणजे निदान मान्यता देणारे कोण हा प्रश्न तरी पडतो.

धागाकर्ता

केवढं मिळालं, सगळ्यांचे मनापासून आभार. सुभेदार आणि पुंड दोन्ही घेतो, जकात तर लगेच घातली. अजून दोन अडलेत. युरोपा युनिव्हर्सालिस ४ या गेममधल्या मिंग सम्राटाचा 'मँडेट ऑफ हेवन', मी 'स्वर्गीय जनादेश' लिहिलंय पण खटकतंय. आणि ग्वांग्शी 'क्लिक', म्हणजे माझाच गट.

प्रतिसाद

जनादेशात जन आहेत, तिथे जनांना कोण विचारतंय. 'आभाळाचा कौल' लिहा. आमच्या कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात, उजवा पडला तर काम पुढे, डावा पडला तर थांबायचं, आणि पूर, दुष्काळ, बंड हे सगळं चिनी लोक कौल डावा पडल्याची खूण म्हणूनच वाचायचे. गेममधे तो शून्य ते १०० आकडा आहे, बखरीत आकडा न लिहिता 'कौल डावा पडू लागला' असं लिहिता येईल.

प्रतिसाद (सुभेदार सुचवणारा)

क्लिकसाठी 'कंपू'! आज आपण कंपू म्हणजे टोळकं म्हणतो, कंपूबाजी म्हणतो, पण जुन्या कागदात महादजी शिंद्यांसाठी डी बॉयने या युरोपीय सेनानीने उभ्या केलेल्या कवायती पलटणी म्हणजे कंपू. एकाच शब्दात कवायती फौजही आली आणि गटबाजीही. बेइयांगवाल्यांना तर हा मापून शिवल्यासारखा बसतो.

धागाकर्ता

कंपू! माझ्या ग्वांग्शीतल्या ली झोंगरेन आणि बाय चोंगशी या सेनापतींनाही हा आवडला असता. लगेच बदललं: 'ग्वांग्शीचा कंपू उत्तरेकडे निघाला तेव्हा युन्नानच्या सुभेदाराने जकातनाके बंद केले.' मित्राला पाठवलं, तो म्हणतोय आता युन्नान मी घेतो.