सड्यावरचं सगळं गवत एकदमच कापायचं का?

रानवाट (डिचोली): यंदाही चतुर्थीनंतर आमच्या गावच्या सड्यावरचं, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावरचं, गवत सरसकट कापायचं चाललंय. माझं म्हणणं, निदान चौथा हिस्सा डिसेंबरपर्यंत उभा ठेवा. स्किपर फुलपाखरांच्या अळ्या गवताचं पातं दुमडून रेशमाने शिवतात आणि त्या नळीत राहतात. कोयता चालला की सगळं गेलं. खुळखुळ्याचं झुडूप सुकायला लागलं की ब्लू टायगर फुलपाखराचे नर त्याला सोंडा लावून बसतात. त्यातल्या द्रव्यापासून मादीसाठीचा गंध तयार करतात. आणि या जमिनीला कागदोपत्री पडीक म्हणायचं!

आम्ही काही जण ठरलेल्या पायवाटेवर फुलपाखरं मोजतो. या नोंदी पंचायतीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत, म्हणजे गावातल्या झाडं-प्राण्यांच्या नोंदवहीत, जायला हव्यात. २००२ च्या जैवविविधता कायद्यात तशी सोय आहे.

काजूबागायतदार: सडा तुमच्यासाठी फिरायची जागा, माझी बागायत त्याला लागून. उभं सुकलं गवत म्हणजे मार्चमधल्या वणव्याला आयतं जळण. कलमं जळाली की भरपाई कोण देणार, फुलपाखरं?

गोठ्यातली: दादा, गुरांचं काय? पेंढा विकत घ्यायला गेलं की कळतं. चौथा हिस्सा म्हणजे आमच्या चार घरांचा चारा.

रानवाट: काजूकाका, बागायतीकडचं आधी कापा, वणवा अडवायला गवत काढून जाळरेषाही काढा, मधला पट्टा राखू. दरवर्षी पट्टा बदलू. बी पडून गेल्यावर डिसेंबरात तोही कापा. ताई, तेव्हा गवतात कस राहत नाही हे मान्य. तुमचा वाटा आधी काढून मगच पट्टा ठरवू.

मोपेकर: नोंदींनी काय वाचतं? आमच्या मोपाच्या सड्यावर जानेवारी २०२३ पासून विमानं उतरतात. शिवाय हौशी लोक रस्त्याकडेचेच फोटो टाकतात. फोटो नाही म्हणजे किडाही नाही, असं उद्या कोणी म्हणेल.

रानवाट: म्हणूनच तीच वाट, तीच वेळ, आणि काही दिसलं नाही तरी नोंद. ब्रिटनमध्ये १९७६ पासून स्वयंसेवक असंच मोजतायत, म्हणून कुठली जात घटली ते दाखवता येतं. आपल्याकडे मोजलेलंच नसेल तर उद्या सड्यावरच्या एखाद्या प्रकल्पाच्या सुनावणीत पुढे ठेवणार काय?

मोपेकर: सुनावणीत कागद बघतात हे आधी दाखवा.

काजूबागायतदार: जाळरेषा कोण काढणार ते ग्रामसभेत लिहून द्या. मग मधल्या पट्ट्याला माझी हरकत नाही.

गोठ्यातली: माझी आहे. आधी चारा मोजा, मग फुलपाखरं.