घरच्या व्हिडिओंनी रडवलेल्यांचा धागा (एडिटिंग, ड्रायव्हर, डिस्क, सगळं चालेल)

राजारामपुरी_नववी_गल्ली

काल भाचीचा फोन. "मामा, आजोबांच्या पंचाहत्तरीचा व्हिडिओ जोडायला बसलोय. आवाज येतोय आणि चित्राच्या जागी नुस्तं काळं. सॉफ्टवेअर भंगार आहे, दुसरं कुठलं टाकू सांग."

म्हटलं काही काढू नकोस, काही टाकू नकोस, संध्याकाळी येतो. हे काळं माझ्या ओळखीचं आहे.

तिच्या नव्या लॅपटॉपात ग्राफिक्स दोन. एक प्रोसेसरमधलं, एक वेगळं एनव्हिडियाचं. एडिटिंग चालू होतं प्रोसेसरमधल्यावर, आणि त्याचा ड्रायव्हर (ते ग्राफिक्स चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) विंडोज अपडेटने आपला आपण बदलून ठेवलेला. सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, तिथे खाली ग्राफिक्स, त्यात ते सॉफ्टवेअर शोधून 'हाय परफॉर्मन्स' दिलं. ड्रायव्हर लॅपटॉपवाल्यांच्या साइटवरून घेतला. रीस्टार्ट. आजोबा फेटा बांधून हजर.

घरी येताना २००६ आठवलं. चुलत बहिणीचं लग्न, पुण्याच्या आत्याचा हॅंडीकॅम, विंडोज एक्सपी, आणि अस्संच काळं. गल्लीतल्या कॉम्प्युटरवाल्याचं औषध एकच, फॉरमॅट. केलं. तरी काळं. "मदरबोर्ड गेला असणार." शेवटी कळलं ते असं की शेजारी दुसऱ्या प्लेअरवर भावाने गाण्यांचे व्हिडिओ लावून ठेवलेले असायचे. त्या काळच्या ग्राफिक कार्डांत व्हिडिओ दाखवायची ओव्हरले नावाची सोय एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळायची. पहिल्याने धरली की दुसऱ्याला अंधार. प्लेअर बंद केला, वधूवर दिसायला लागले. मदरबोर्ड पुढं कित्येक वर्षं चालला.

माझं मत: शिव्या सॉफ्टवेअरला पडतात आणि चोर बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो. ड्रायव्हर, केबल, नाहीतर डिस्क. तुमचे किस्से येऊ देत. मोबाइलवरून लिहिलं तरी चालेल, शुद्धलेखन कोण तपासत नाही इथं.

तालीमकर_शिवाजी_पेठ

आयला, जुनी खपली काढलीस भावा.

खासबाग मैदानात कुस्ती कॅमेऱ्यावर घेतलेली. आमच्या तालमीचा पोरगा खाली, वरून सवारीचा डाव भरलेला, मैदान उठून उभं. तेव्हा टेपवर सगळं होतं. कॉम्प्युटरवर घेतलं तर फाइल बरोबर तिथंच संपते. परत घेतलं, परत तिथंच. सगळे म्हणाले टेप खराब.

मिक्सिंगवाला_इचलकरंजी

टेप खराब नव्हती पैलवान. हार्ड डिस्क फॅट ३२ असणार, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची एक पद्धत. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल राहतच नाही. मिनी डीव्ही, म्हणजे हॅंडीकॅमची छोटी टेप, कॉम्प्युटरवर उतरवली की तासाला १३ जीबी खातं, म्हणजे वीस मिनिटं झाली की खेळ खल्लास. डिस्क एनटीएफएस या दुसऱ्या पद्धतीची करून घेतली की पूर्ण येते.

मी आठदहा वर्षं लग्नांच्या व्हिडिओ मिक्सिंगमध्ये काढली म्हणून जरा लांबण लावतो, माफी असावी.

आमच्याकडे सगळ्यात मोठं भांडण बिटरेटचं, म्हणजे दर सेकंदाच्या चित्राला किती डेटा द्यायचा त्याचं. साध्या डीव्हीडीवर लिहिलेलं असतं ४.७ जीबी, कॉम्प्युटर दाखवतो ४.३७. दोन तासांचं लग्न घातलं तर सेकंदाला ५ मेगाबिटच्या आसपास मिळतात, चित्र बरं राहतं. पार्टी म्हणणार, हळद, सीमांतपूजन, लग्न, वरात सगळं एकाच डिस्कवर पाहिजे, दुसरी डिस्क कोण बदलत बसणार. चार तास कोंबले की अक्षतांचे चौकोन होतात. अक्षता हा एन्कोडरचा (व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचा) शत्रू नंबर एक, कारण प्रत्येक दाणा हलतोय. दुसरा शत्रू वरातीतला धूर. आणि मग म्हणणार, कॅमेरा हलका वापरला.

उलटंही करून चालत नाही. डीव्हीडीत चित्राला ९.८ मेगाबिटपर्यंत परवानगी आहे. पण घरी बर्न केलेल्या डिस्कवर तेवढं भरलं की जुने प्लेअर अडखळायचे. आम्ही ७ च्या वर जात नव्हतो.

अजून एक. नवरानवरी चालताना कंगवा फिरवल्यासारख्या रेघा किंवा थरथर दिसत असेल तर ते फील्ड ऑर्डर, म्हणजे चित्रातल्या एकाआड एक ओळींचा क्रम. डीव्ही टेपवर खालची ओळ आधी असते, बऱ्याच सॉफ्टवेअरांचं डीव्हीडीचं सेटिंग वरची आधी. ते जुळवलं नाही की नवरी सप्तपदीत मागंपुढं करत्या. ड्रायव्हर बदलून काही होत नाही त्याला.

पन्हाळ्याचं_धुकं

"नवरी सप्तपदीत मागंपुढं करत्या" 😂😂 आमच्या वहिनीनं खरंच केलं होतं

आक्का_गडहिंग्लज

ते बदामात नवरानवरी घालायचे ते तुम्हीच काय हो? आमच्या डीव्हीडीत बदाम आहे, मग कमळ उघडतंय, कमळातून सासूबाई निघत्यात. सासूबाईंना फार आवडायचं ते. पाहुणे आले की तेवढंच लावायला लावायच्या.

आता तीच डिस्क लागत नाही. डिस्क शोकेसमध्ये काचेच्या मागं उभी करून ठेवली होती, फोटोफ्रेमसारखी. ओरखडा एक नाही. टूथपेस्ट लावून बघ म्हणाली जाऊ. लावू का?

मिक्सिंगवाला_इचलकरंजी

आक्का बदाम आमचाच, कमळ दुसऱ्या कुणाचं तरी असेल 🙏

टूथपेस्ट नका लावू. ती बारीक ओरखड्याला घासून गुळगुळीत करते, तुमच्यात ओरखडाच नाही. शोकेसवर ऊन येतं का ते सांगा.

आक्का_गडहिंग्लज

येतं की. पश्चिमेला आहे खिडकी. रोज दुपारी चारनंतर थेट.

स्पिंडल_पन्नास

मग तिथंच गेलं आक्का. घरी बर्न होते त्या डिस्कमध्ये रंगाचा थर असतो, लेसर त्या रंगावर लिहितो. ऊन त्याच रंगाला खातं. बाजारात मिळणारी सिनेमाची डीव्हीडी साच्यात दाबून काढलेली असते, तिला उन्हाचं एवढं नसतं. म्हणून घरात सिनेमा चालतो आणि लग्न चालत नाही.

तरी आशा सोडू नका. दुसऱ्या दोनतीन ड्राइव्हमध्ये घालून बघा. एका ड्राइव्हला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं, हे मी कितीदा तरी बघितलंय. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह टीव्हीखालच्या प्लेअरपेक्षा चिकाटीचा. आणि मिळेल ते आधी हार्ड डिस्कवर उतरवा, चालतंय म्हणून बघत बसू नका.

मी दुकानात या डिस्का विकल्यात. डब्यावरचं नाव एक आणि आतला माल बनवणारा दुसराच, हे नेहमीचं. डिस्कवर बनवणाऱ्याचा कोड असतो, डीव्हीडी आयडेंटिफायर नावाचं छोटं सॉफ्टवेअर तो वाचायचं. जाणकार गिऱ्हाईक डबा बघायचं नाही, कोड विचारायचं. तैयो युदेन या जपानी कंपनीचा निघाला की दोन डबे जास्त न्यायचं. त्यांनी २०१५ मध्ये तो धंदाच बंद केला.

१६ एक्स वेगाची डिस्क ८ वर बर्न करायची, आणि झाल्यावर व्हेरिफाय, म्हणजे लिहिलेलं नीट वाचता येतं का ते तपासायचं. तेवढी दहा मिनिटं कुणालाच नको असतात. आणि डिस्कवर कागदी स्टिकर नाही. गणपतीचा गोल फोटो छान दिसतो, पण एका बाजूला अर्धा मिलिमीटर सरकला की डिस्क फिरताना पिठाच्या गिरणीसारखी घुर्र करते आणि शेवटची वीस मिनिटं वाचत नाही. डेटा आतून बाहेर लिहिला जातो, डगमग सगळ्यात जास्त बाहेरच्या कडेला.

तालीमकर_शिवाजी_पेठ

लग्नाची शेवटची वीस मिनिटं म्हणजे पाठवणी. बरंच झालं की, रडारड वाचली.

आक्का_गडहिंग्लज

असं बोलू नये भाऊ. माझे वडील त्यातच आहेत.

तालीमकर_शिवाजी_पेठ

चुकलं आक्का 🙏 निघेल ती डिस्क. कोल्हापुरात आणा, बघूया सगळे मिळून.

कुंभार_गल्ली_शाहूपुरी

आमचं वेगळंच. २०१९ चा महापूर. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या ऑगस्टात ५५ च्या वर गेली. खालचा मजला पूर्ण आत. आधी माणसं, मग म्हशी, मग गॅस. कपाटाचा खालचा कप्पा कुणाच्या डोक्यात?

पाणी ओसरल्यावर उघडलं तर सगळं चिखलात बसलेलं. लग्नाचा अल्बम म्हणजे एक वीट, पानं सुटतच नव्हती. डिस्का कागदी पाकिटात होत्या, पाकिटं चिकटलेली. भावाने पहिली ओढून काढली, ती सीडी होती. वरची चांदी कागदाबरोबर सोलून आली आणि सीडीतून आरपार अंगण दिसायला लागलं. सीडीत डेटा लेबलच्या लगेच खाली असतो, म्हणून वरची बाजूच नाजूक. आपण आयुष्यभर खालची जपतो.

मग ओढायचं बंद. स्वच्छ पाण्याच्या बादलीत पाकिटासकट भिजत घातल्या, कागद आपण होऊन सुटला. भांड्याच्या साबणाचा एक थेंब, बोटानं मधून कडेकडे, गोल नाही. सावलीत उभ्या वाळवल्या. डीव्हीडी बहुतेक सगळ्या वाचल्या, कारण त्यात डेटाचा थर दोन प्लास्टिकच्या मध्ये असतो. पेनाने लिहिलेली नावं मात्र गेली. आता कुठल्या डिस्कवर कुणाचं बारसं हे लावल्याशिवाय कळत नाही.

पन्हाळ्याचं_धुकं

वाचून काटा आला. आमच्याकडे २०२१ ला पण तेच. कॉम्प्युटर माळ्यावर टाकलेला म्हणून वाचला.

भारनियमन_पीडित

लोडशेडिंगचं कुणीच कसं नाही लिहिलं अजून? २००५-०६ ला लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही, आमचा यूपीएस जेमतेम कॉम्प्युटर बंद करण्यापुरता. बर्निंग ९२ टक्क्यांवर आणि गल्लीतून आवाज, "गेलीऽऽ". त्या डिस्का आईने परड्यात दोऱ्याला बांधल्या, पाखरं हाकलायला. मस्त फिरायच्या उन्हात.

बरं, कामाचं सांगतो. एकदा बर्निंग एवढं मंद झालं की अर्ध्या तासाचं काम दोन तासांवर गेलं, माउससुद्धा अडकायचा. ड्राइव्ह बदला म्हणाले. एका कॉलेजच्या पोरानं डिव्हाइस मॅनेजर उघडून दाखवलं, ड्राइव्हचं आयडीई चॅनल जलद डीएमए पद्धतीवरून मंद पीआयओवर घसरलेलं. एक्सपी असं करायचं, वाचताना चुका साठत गेल्या की स्वतःहून खालच्या गिअरमध्ये, आणि परत वर कधीच नाही. त्याने चॅनल अनइन्स्टॉल केलं, रीस्टार्ट केलं, चपटी रिबन केबल बदलली. पळायला लागलं. त्याला मिसळ खायला घातली, दोन कट मागितले पठ्ठ्याने.

रंकाळा_चौपाटी

कुठली मिसळ?

भारनियमन_पीडित

नाव घेतलं की इथं दंगल होईल. तिखट होती एवढंच सांगतो.

रंकाळा_चौपाटी

मी विषयाचं पण लिहितो नाहीतर हाकलाल. छोट्या डिस्कचा हॅंडीकॅम होता, ८ सेंटिमीटरच्या, १.४ जीबीच्या. चांगल्या क्वालिटीत वीस मिनिटं मावायची. ती डिस्क कॅमेऱ्यातच फायनलाइज करावी लागते (रेकॉर्डिंग संपवून डिस्क बंद करणं), नाहीतर प्लेअर म्हणतो डिस्क कोरी आहे. बाबांनी ज्योतिबाची चैत्र यात्रा घेतली, सासनकाठ्या, गुलाल, सगळं. गुलाल कॅमेऱ्यात गेला आणि कॅमेरा संपला. फायनलाइज राहिलं. डिस्क वर्षानुवर्षं "कोरी". आयसोबस्टर नावाच्या सॉफ्टवेअरने काढली शेवटी, त्याला आतलं सगळं दिसलं.

आणि एक प्रश्न. मोबाइलवर घेतलेल्या व्हिडिओत एडिट करताना आवाज हळूहळू मागं का पडतो? सुरुवातीला ओठ जुळतात, शेवटी नाही.

राजारामपुरी_नववी_गल्ली

मोबाइल फ्रेम सारख्या वेगाने घेत नाही, उजेडाप्रमाणे कमीजास्त करतो. एडिटरला वाटतं सगळं एकाच तालात आहे. हॅंडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात कॉन्स्टंट फ्रेम रेट निवडून फाइल नवी करून घे, मग एडिटमध्ये टाक. भाचीलाही हेच करायला लावलं, अर्धे व्हिडिओ पाहुण्यांच्या मोबाइलवरचे होते.

कुंभार गल्ली, तुमची बादलीची युक्ती जपून ठेवतो.

पन्हाळ्याचं_धुकं

सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात कॅमेराच घरी बनवला. आपण ड्रायव्हर टाकताना देव आठवतो.

ते कुस्तीचं काय झालं पण? निकाल?

तालीमकर_शिवाजी_पेठ

निकाल मला माहीत आहे रे, मैदानात होतो मी. पोरगा खालून निसटला आणि घिस्सा डाव मारला. पण दाखवायला काही नाही. त्याच टेपवर धाकट्यानं नंतर पुतणीचं बारसं घेतलंय. सवारी भरलेली दिसते आणि एकदम पाळणा.

मिक्सिंगवाला_इचलकरंजी

🤣🤣 असलं डिझॉल्व्ह आम्हाला पैसे देऊन जमलं नसतं

आक्का_गडहिंग्लज

पोराच्या लॅपटॉपला डिस्क घालायला जागाच नाही हो. बाहेरून लावायचा ड्राइव्ह मिळतो म्हणे. रविवारी लक्ष्मीपुरीत बाजाराला येतोय, काय बघून घेऊ?

स्पिंडल_पन्नास

यूएसबीचा घ्या आक्का, शक्यतो लॅपटॉपला लावायला दोन यूएसबी पिना असलेल्या केबलचा. काही लॅपटॉपच्या एका पोर्टातून त्याला वीज पुरत नाही, मग डिस्क फिरते, थांबते, परत फिरते आणि माणूस म्हणतो डिस्क खराब. एका पोर्टाचे चार करणाऱ्या हबला लावू नका, थेट लॅपटॉपला. आणि दुकानातच एखादी चालणारी डिस्क घालून बघा, घरची नको.

आक्का_गडहिंग्लज

चालणारी म्हणजे सिनेमाची आणतो. आहे एक.